बाळंतपणात काही चुकलं असं वाटतंय? आधी कागद, मग दुसरा डॉक्टर, मग वकील

प्रसूतीत बाळ दगावलं, बाळाला कायमची इजा झाली किंवा आईच्या जिवावर बेतलं, की घरात दोन दिवसांत दहा सल्ले जमतात. कुणी म्हणतं पोलिसांत जा, कुणी म्हणतं पेपरात द्या, कुणी ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतं. आणि घरातलं एखादं मोठं माणूस म्हणतं, झालं ते झालं, नशिबात नव्हतं. या गडबडीत नेमकं जे व्हायला हवं ते राहून जातं: रुग्णालयातल्या त्या दिवसाच्या सगळ्या नोंदींची नक्कल हातात घेणं. हलगर्जीचं प्रकरण किती वाजता काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, यावर उभं राहतं किंवा पडतं. आपण कुठे दाद मागायची हा प्रश्न त्यानंतरचा.

सोलापुरात आणि जिल्ह्यात राहणाऱ्या आईवडिलांना पुढे कोणकोणत्या वाटा आहेत आणि कोणती कधी धरावी, ते इथे क्रमाने मांडतो आहे.

वाईट घडलं म्हणजे हलगर्जी झालीच, असं नाही

हे ऐकायला कठोर वाटेल, पण इथूनच सुरुवात करावी लागते. डॉक्टरांनी नीट काळजी घेऊनही बाळंतपण बिघडू शकतं. मेंदूच्या इजेमुळे मुलाच्या हालचालींवर परिणाम होतो, ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तिचं मूळ बहुतेक मुलांमध्ये प्रसूतीच्या त्या काही तासांत नसतं. ते गर्भारपणातल्या संसर्गात, अपुऱ्या दिवसांत किंवा जन्मतःच्या दोषात असतं. म्हणून 'बाळ रडलं नाही, म्हणजे डॉक्टरांनी उशीर केला' हे वाक्य न्यायाधीशांपुढे टिकत नाही.

कायदा काय बघतो? पुण्याच्या एका प्रकरणात, लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले या १९६८ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्ण हाती घेतला की डॉक्टरवर तीन ठिकाणी काळजीची जबाबदारी येते: ही केस घ्यावी की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना. डॉक्टर सर्वोत्तम असला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. त्या क्षेत्रातला सर्वसाधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल, ते केलं का, एवढंच विचारतो. दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि ती लागू पडली नाही, तर ती हलगर्जी होत नाही.

मग संशय कुठे घ्यावा? काही जागा ठरलेल्या आहेत. कळा सुरू असताना बाळाचे ठोके किती वेळा ऐकले, ही पहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार कळांच्या पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर देण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी ठोके ऐकले पाहिजेत. तीन-तीन तास ठोक्यांची एकही नोंद नसेल, तर तो प्रश्न आहे. कळा वाढवण्याचं सलाईन, म्हणजे ऑक्सिटोसिन, लावून डॉक्टर निघून गेले आणि पेशंटवर फक्त आया होती, हा दुसरा. आधीचं सिझर असताना कळा देऊ दिल्या आणि पोटात अचानक तीव्र कळ आली तरी कुणी पाहिलं नाही, हा तिसरा. सिझरचा निर्णय किती वाजता झाला आणि बाळ बाहेर किती वाजता आलं यातलं अंतर, प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाल्यावर रक्त मागवायला लागलेला वेळ, खांदा अडकल्यावर बाळ ओढताना हात लुळा पडणं, पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ 'कोवळं ऊन दाखवा' म्हणून सोडून देणं, याही त्याच जागा.

एक जागा मात्र अनेकांच्या लक्षातच येत नाही. बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं, तर साधारण महिन्याच्या आत त्याच्या डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. नाहीतर दृष्टी कायमची जाऊ शकते. १९९६ साली चेन्नईच्या एग्मोरमधल्या सरकारी रुग्णालयात २९ आठवड्यांच्या मुलीची ही तपासणी झाली नाही, आईवडिलांना कुणी सांगितलंही नाही, आणि ती आंधळी झाली. व्ही. कृष्णकुमार विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई दिली. बाळ काचेत होतं, वजन वाढलं, घरी सोडलं, आणि डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीचा शब्द नाही, अशी केस असेल तर कार्ड जपून ठेवा. आणि बाळ अजून लहान असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

पहिले पंधरा दिवस: कागद

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने नोंदी मागितल्या, तर डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं त्या जपूनही ठेवायच्या असतात. बिल थकलं आहे, डॉक्टर गावाला गेलेत, फाइल ऑडिटला आहे, ही उत्तरं या नियमात बसत नाहीत.

तोंडी मागू नका. अर्ज असा पुरेसा आहे:

"माझी पत्नी दि. … रोजी आपल्या रुग्णालयात प्रसूतीसाठी दाखल झाली होती. तिच्या व बाळाच्या संपूर्ण केस पेपरच्या प्रमाणित नकला मला हव्या आहेत. त्यात दाखल होतानाची तपासणी, पार्टोग्राफ, ठोक्यांचा आलेख, नर्सिंग नोंदी, औषधांचा तक्ता, भूल व ऑपरेशनच्या नोंदी, संमतीपत्रं, बाळाच्या जन्मावेळच्या व नवजात विभागातल्या नोंदी, सर्व तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड यांचा समावेश असावा. नकलांचा खर्च मी देईन. नियमाप्रमाणे ७२ तासांत नकला मिळाव्यात."

शक्यतो अर्जावर आईची सही घ्या, कारण पेशंट ती आहे. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तिथे वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती ठेवा. नकार हाही पुढे पुरावाच असतो. मागूनही नोंदी मिळाल्या नाहीत, तर ग्राहक आयोग (ग्राहकांच्या भरपाईच्या तक्रारी ऐकतो तो) रुग्णालयाविरुद्ध निष्कर्ष काढू शकतो.

वरच्या यादीतल्या दोन कागदांबद्दल थोडं अधिक. पार्टोग्राफ म्हणजे कळा सुरू झाल्यापासून पिशवीचं तोंड किती उघडलं, बाळ किती खाली आलं, ठोके किती होते हे वेळेनुसार भरायचा तक्ता. तो कोरा असेल, किंवा सगळ्या नोंदी एकाच पेनाने एका बैठकीत भरल्यासारख्या दिसत असतील, तर वकिलाला ते आधी दाखवा. दुसरा कागद बाळाच्या जन्मावेळच्या नोंदींचा. त्यात पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा ॲपगार गुण असतो, म्हणजे जन्मल्यावर बाळाची अवस्था कशी होती याचे दहापैकी गुण. पाचव्या मिनिटाला ९ गुण लिहिलेत आणि त्याच बाळाला अर्ध्या तासात झटके आले म्हणून दुसऱ्या रुग्णालयात हलवलं, तर दोन्ही गोष्टी एकत्र कशा खऱ्या, असा प्रश्न पडतोच. त्यासाठी ज्या रुग्णालयात बाळाला हलवलं तिथले दाखल होतानाचे कागदही तितकेच मोलाचे. तिथल्या डॉक्टरांनी बाळ कोणत्या अवस्थेत आलं हे लिहिलेलं असतं आणि त्यांना त्यात लपवण्यासारखं काही नसतं. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून सोलापूरला आणलेल्या बाळांच्या प्रकरणात कित्येकदा हाच कागद सर्वांत बोलका ठरतो.

सरकारी रुग्णालय असेल तर अर्जासोबत माहिती अधिकाराचाही अर्ज टाका. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं याचा तक्ता, लेबर रूमचं रजिस्टर, रक्तपेढीला मागणी कधी गेली, हे त्यातून मागता येतं. खासगी रुग्णालयाला माहिती अधिकार थेट लागू होत नाही, पण त्या रुग्णालयाची नोंदणी आणि तपासणी अहवाल महापालिकेकडून मागता येतात.

मृत्यू झाला असेल तर एक निर्णय काही तासांतच घ्यावा लागतो आणि तो फार जड असतो: शवविच्छेदन. आईचं असो वा बाळाचं, अंत्यविधी झाल्यावर मृत्यूचं कारण कागदावरून अंदाजानेच काढावं लागतं. संशय असेल तर पोलिसांना लेखी कळवून शवविच्छेदनाची मागणी करा. बाळ पोटातच गेलं असेल तर बाळाची आणि वारेची तपासणी मागा. वार जैविक कचऱ्यात जाते आणि तो कचरा ४८ तासांपलीकडे ठेवायचा नसतो, म्हणून हे त्याच दिवशी सांगावं लागतं. घरच्यांचा विरोध असतो, धार्मिक कारणं असतात. मी कुणाला आग्रह करणार नाही, पण नंतर हा पुरावा मिळत नाही हे माहीत असलेलं बरं.

तुमच्या बाजूचा कागद तुम्हीच तयार करायचा आहे. आठवण ताजी आहे तोवर वहीत वेळेनुसार लिहून काढा: किती वाजता दाखल झालो, कोण काय बोललं, डॉक्टर पहिल्यांदा कधी दिसले, बाहेरून कोणती औषधं आणायला सांगितली. मोबाइलमधली कॉलची यादी, १०८ ला केलेला फोन, डॉक्टरांना किंवा सिस्टरला पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश, मेडिकलच्या बिलावरची वेळ, यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. सासूबाई लेबर रूमच्या दाराशी होत्या, तर त्यांचं म्हणणं वेगळं लिहा, तुमच्यात मिसळू नका.

संमतीपत्रावर सही केली म्हणून काही लोक हात टेकतात. सही म्हणजे हलगर्जीला दिलेली माफी नव्हे. शिवाय २००८ च्या समीरा कोहली निकालानुसार संमतीआधी उपचार, धोका आणि पर्याय समजेल असे सांगायला हवेत. सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या किती बायका इंग्रजी छापील फॉर्मवर सही करतात, हे वेगळं सांगायला नको. तुम्हाला कुणी तुमच्या भाषेत समजावलं होतं का, तेही वहीत लिहा. डिस्चार्जच्या वेळी 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर मात्र सही करू नका.

आणि तोडफोड, धक्काबुक्की अजिबात नको. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. रुग्णालयात हिंसा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई, गुन्हा अजामीनपात्र. काच फुटली की फिर्यादी रुग्णालय होतं आणि आरोपी बाळाचा बाप.

दुसऱ्या डॉक्टरकडून कागद वाचून घ्या

वकिलाकडे जाण्याआधी किंवा त्यांच्याच मार्फत हे करा. प्रसूतीच्या प्रकरणात दोन डोळे लागतात: प्रसूतितज्ज्ञ आणि नवजात शिशुतज्ज्ञ. गावातले डॉक्टर एकमेकांना ओळखतात, एकाच संघटनेत असतात. विरोधात लेखी मत द्यायला ते कचरतात, हे मान्य करून चालावं. पुण्यासारख्या ठिकाणच्या, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाला कागद दाखवणं सोयीचं पडतं. आधी तोंडी मत घ्या. ते तुमच्या बाजूने असेल तरच लेखी मागा.

'चूक झाली का?' असं विचारू नका. तीन प्रश्न विचारा. या नोंदींनुसार काय करायला हवं होतं आणि कधी? ते झालं का? आणि झालं असतं तर बाळाची इजा टळली असती का? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आणि बहुतेक दावे तिथेच अडकतात. उशीर सिद्ध होतो, पण उशिरामुळेच इजा झाली हे सिद्ध होत नाही. त्यासाठी जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातला मेंदूचा एमआरआय, नाळेच्या रक्ताची तपासणी, झटके कधी सुरू झाले, मूत्रपिंड आणि यकृतावर ताण आला होता का, हे महत्त्वाचं असतं. गुदमरलेल्या बाळाला थंड ठेवण्याचा उपचार जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. त्या वेळेत पुढे पाठवलं का, हाही प्रश्न विचारून घ्या.

तज्ज्ञाचं उत्तर 'यात हलगर्जी दिसत नाही' असं आलं तर? दुसरं मत घ्या. तेही तसंच आलं तर थांबा. पुढची चार-पाच वर्षं आणि आजारी मुलाच्या औषधाचे पैसे अशा प्रकरणात घालू नयेत.

प्रत्येक ग्राहक तक्रारीत तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात म्हटलं आहे. पोटात कापड राहिलं, चुकीच्या गटाचं रक्त चढवलं, अशा उघड गोष्टींना ते लागत नाही. ठोक्यांच्या आलेखावरच्या वादाला लागतं.

कोणत्या दारी जायचं

हे दोन गोष्टींवर ठरतं: उपचाराचे पैसे कुणी भरले आणि तुम्हाला काय हवं आहे.

खासगी रुग्णालयात पैसे भरून प्रसूती झाली असेल आणि मुलासाठी भरपाई हवी असेल, तर वाट ग्राहक आयोगाची. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. विमा कंपनीने किंवा मालकाने बिल भरलं तरी ती मोबदल्याचीच सेवा. जे रुग्णालय इतरांकडून पैसे घेतं तिथे तुमच्यावर मोफत उपचार झाले असतील, तरी तुम्ही ग्राहक ठरता. यंत्रमाग किंवा टॉवेल कारखान्यातल्या कामगारांसाठी आणखी एक: कामगार विमा रुग्णालयातली सेवाही ग्राहक कायद्यात येते, कारण पगारातून वर्गणी कापलेली असते. हे २००७ च्या किशोर लाल निकालात ठरलं आहे.

सगळ्यांना सरसकट मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय मात्र यात येत नाही आणि सरकारी ठिकाणी प्रसूती, सिझरसकट, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. किरकोळ नोंदणी शुल्काने ग्राहक होता येत नाही. तरी सिव्हिलमध्ये भरलेली प्रत्येक पावती ठेवा. काही रुग्णांकडून सेवेचा खरा मोबदला घेतला जात असेल तर चित्र बदलू शकतं आणि तो मुद्दा वकिलाने तपासायचा आहे.

सरकारी रुग्णालयासाठी दिवाणी दावा आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये प्रसूतीनंतरच्या नसबंदी शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. अच्युतराव खोडवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरलं. नेमक्या कोणत्या डॉक्टरने टॉवेल ठेवला हे कुटुंबाने सिद्ध करायची गरज पडली नाही. निकालाचं वर्ष मात्र १९९६. दिवाणी वाटेचा वेग काय असू शकतो, ते या तारखांवरून समजून घ्या.

सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती जिल्हाधिकाऱ्यांना देता येते. महापालिकेच्या प्रसूतिगृहाची गोष्ट असेल तर आणखी घाई करा. महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ मध्ये महिनाभराच्या नोटिशीची आणि सहा महिन्यांत दावा लावण्याची अट आहे. ती तुमच्या प्रकरणाला लागू होते की नाही यावर वाद घालता येतो, पण तो वाद घालायची वेळच येऊ देऊ नका.

कळा देणाऱ्या बाईला सरकारी दवाखान्याने दारातूनच परत पाठवलं, अशी तक्रार असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका हा मार्ग आहे. तातडीचा उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात सांगितलं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे, म्हणजे त्यासाठी मुंबई गाठायला नको.

ग्राहक आयोगातली तक्रार

जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपयांची आहे. पण ती २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही *भरलेल्या* पैशांवर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. बाळंतपणाचं बिल ५० लाख होत नाही, त्यामुळे मागणी एक कोटीची असली तरी तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगातच जाते. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते. तेव्हा धाराशिव किंवा विजयपूरहून सोलापुरात प्रसूतीला आलेल्या जोडप्याला तारखांसाठी सोलापूरला यायची सक्ती नाही.

मुदत दोन वर्षांची. इजा नंतर लक्षात आली तर मुदत कळल्यापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येतो. पण २०१० च्या श्रीखंडे प्रकरणात शस्त्रक्रियेनंतर नऊ वर्षं दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईला सर्वोच्च न्यायालयाने मुदतीचा लाभ दिला नाही. मूल मान धरत नाही, बसत नाही, हे सहाव्या-आठव्या महिन्यात दिसतं. म्हणून बाळाचा दुसरा वाढदिवस हीच शेवटची तारीख समजा. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर बसू नये. दिवाणी दाव्यात मात्र अज्ञान मुलाला वेगळं संरक्षण आहे: त्याच्या स्वतःच्या दाव्याची मुदत तो अठरा वर्षांचा झाल्यावर सुरू होते.

तक्रारदार दोघे करा: पालकांमार्फत बाळ आणि स्वतः आईवडील. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या १९९८ च्या प्रकरणात मूल आणि आईवडील दोघांनाही ग्राहक मानून दोघांना स्वतंत्र भरपाई मिळाली आहे. विरुद्ध पक्ष म्हणून रुग्णालय आणि डॉक्टर. त्यांचा व्यावसायिक विमा असेल तर विमा कंपनीही. भूल कुणी दिली, कोणती सिस्टर होती ही नावं माहीत नसली तरी अडत नाही. २००४ च्या सविता गर्ग निकालानुसार रुग्णालयाला पक्ष केलं की पुरे.

तक्रार ऑनलाइनही दाखल होते. ई-दाखिलची जागा २०२५ मध्ये ई-जागृती पोर्टलने घेतली. वकील बंधनकारक नाही. तरी अशा प्रकरणात वकील घ्याच आणि दिवाणीचा कुणीही नको, आयोगात वैद्यकीय प्रकरणं चालवलेला घ्या. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. पुढे शपथपत्रं, कागद, लेखी युक्तिवाद. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत. मनात मात्र वर्षांचा हिशेब धरा.

मागणी हवेत करू नका. फिजिओथेरपी महिन्याला किती, बूट-पट्टे दर वर्षी किती, झटक्यांची औषधं, विशेष शाळा, आईने सोडलेली विड्यांची किंवा शिलाईची कमाई, हे बिलं आणि डॉक्टरांच्या पत्रासह मांडा. त्यासाठी उपचार आत्ता चालू असले पाहिजेत आणि पावत्या राहिल्या पाहिजेत. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. सेरेब्रल पाल्सी असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळू शकतो. त्यासाठी निकालाची वाट बघायची नसते.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, तालुक्यात असाल तर तिथल्या समितीकडे. आईच्या आणि बाळाच्या नावाने अर्ज करा, बापाच्या नाही.

परवाना, नोंदणी, पोलीस

डॉक्टरांवर व्यावसायिक कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई. ताकीद देणं, नोंदणी काही काळ निलंबित करणं हे कौन्सिल करू शकतं. भरपाई देत नाही. बीएएमएस किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरने प्रसूती केली असेल तर परिषद वेगळी. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायलाच हवा. नसेल तर तोही मुद्दा.

रुग्णालयाच्या सोयींबद्दल, म्हणजे रात्री डॉक्टर नव्हता, नर्स शिकलेली नव्हती, नोंदणीच नव्हती, अशी तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करायची. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले आणि रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक झालं. ही तक्रार स्वस्त आणि सोपी; तिच्या चौकशीचा अहवाल आयोगातही कामी येतो.

पोलिसांत कधी जावं? माझं मत स्पष्ट आहे: भरपाईसाठी दबाव म्हणून जाऊ नये. जेकब मॅथ्यू या २००५ च्या निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी साधी नव्हे, घोर हलगर्जी लागते आणि त्याआधी पोलिसांनी दुसऱ्या सक्षम, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यायचं असतं. त्यामुळे पोलीस कागद वैद्यकीय समितीकडे पाठवतात. समितीने 'हलगर्जी नाही' असं लिहिलं की तोच कागद ग्राहक आयोगात तुमच्या विरोधात दाखवला जातो. घाईने केलेल्या फिर्यादीचा हा तोटा कुणी आधी सांगत नाही.

पदवी नसताना प्रसूती केली, दारू पिऊन ऑपरेशन केलं, केस पेपर बदलले, मृत्यू दडवला, अशा ठिकाणी मात्र नक्की जा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. हलगर्जीने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून झाल्यास दोन वर्षांपर्यंत. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षक, मग न्यायदंडाधिकारी. कागद बदलल्याचा संशय असेल तर मात्र डॉक्टरांचं मत येईपर्यंत थांबू नका. मूळ फाइल जप्त करण्याची विनंती पहिल्याच अर्जात करा.

तडजोडीचा फोन आला तर

येतो. बहुधा नोटीस गेल्यावर. रक्कम ऐकून लगेच हो किंवा नाही म्हणू नका. मूल जिवंत आणि अपंग असेल, तर त्याच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा खर्च अजून कुणीच मोजलेला नसतो आणि तडजोडीत 'पुढे कोणतीही तक्रार नाही' हे वाक्य हमखास असतं. रोख घेऊ नका. आयोगात मध्यस्थीची सोय आहे. तिथे झालेली तडजोड आयोगाच्या आदेशात येते आणि पैसे बुडाले तर वसुली करता येते. मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायला आणि उपचाराचा खर्च व्याजातून काढू द्यायला आयोगाला सांगता येतं. ही अट मसुद्यातच घाला. पैसे घरातल्या कर्जात किंवा प्लॉटमध्ये जात नाहीत.

निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात अपिलाची मुदत ४५ दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल त्याच आठवड्यात मागा.